सकाळचं इन्सुलिन

ताटलीत दोन सिरिंज होत्या. २४ एप्रिल २०२१, शनिवार, सकाळचे पावणेआठ. सासूबाईंच्या उशाशी मी उभी होते आणि त्या दोन सिरिंजांचा हिशेब काही केल्या लागत नव्हता. एक साडेसहाची. मग दुसरी? हळूहळू डोक्यात उजेड पडला. सव्वासातच्या सुमाराला मी आईंना परत चौदा युनिट टोचले होते. टोचल्याची आठवण तेव्हाही नव्हती, आजही नाही.

आईंच्या कपाळावर घाम होता. एप्रिलात नागपुरात घाम येणं म्हणजे काही विशेष नाही, पण हा घाम गार होता. हात थरथरत होता. "काय होऊन राहिलं मला?" एवढंच त्या म्हणाल्या. साखर मोजली, ५४.

पुढं काय झालं ते सांगतेच. पण मी तिथवर कशी पोचले ते आधी सांगायला हवं, कारण चूक त्या सकाळी झाली नव्हती. ती दोन आठवडे होत होती.

आम्ही मानेवाड्याला राहतो. २०१९ मध्ये आईंचं उजवं अंग लुळं पडलं. तेव्हापासून त्या अंथरुणावर. मी शाळेत शिक्षिका. सकाळ-संध्याकाळ एक ताई मदतीला यायच्या, आईंची आंघोळ, कपडे, कूस बदलणं त्या बघायच्या. २०२० च्या मार्चात टाळेबंदी लागली आणि ताईंचं येणं थांबलं. दिवाळीच्या आसपास सुरू झालं, आणि पुढच्या एप्रिलात पुन्हा थांबलं. "ताई, चौकातच अडवून राहिले जी मले," त्या फोनवर म्हणाल्या. त्यांचा पगार आम्ही दिला, पण त्यांचे दोन हात कुठून आणणार? १२ एप्रिलला ह्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. एका खोलीत हे, हॉलमध्ये आई, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोबाईल उभा करून माझे ऑनलाइन वर्ग.

१ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांना लस खुली झाली होती. मी एकोणपन्नास वर्षांची. केंद्र घरापासून फार तर दोन किलोमीटरवर. गेले नाही. "रांगेत चार तास गेले तर आईंचं कोण करील?" आणि "मलाच ताप आला तर?" हे माझे प्रश्न होते. लस न घेता बारा दिवस रुग्णाच्या खोलीत आत-बाहेर करत राहिले, हे मला तेव्हा धोक्याचं वाटलं नाही. कर्तव्य वाटलं. माझी रक्तदाबाची गोळी संपून आठवडा झाला होता. आईंच्या गोळ्या सात कप्प्यांच्या डबीत वाराप्रमाणे लावलेल्या, ह्यांच्या गोळ्यांची यादी दाराला चिकटवलेली, आणि माझी रिकामी स्ट्रिप पर्समध्ये. घरी रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. त्याचा पट्टा माझ्या दंडाला एकदाही लागला नाही.

ते दिवस ज्यांनी नागपुरात काढले त्यांना वेगळं सांगायला नको. जिल्ह्यात एकेका दिवशी ७ हजारांवर रुग्ण निघत होते. नवव्या दिवशी ह्यांचा ऑक्सिजन ९२ वर आला. आम्ही जिथं जिथं फोन केला तिथं खाट नव्हती. ह्यांच्या मित्रानं कुठून तरी सिलिंडर मिळवून दिलं, डॉक्टर फोनवरून औषधं सांगत होते. पोटावर झोपवायचं, सिलिंडरचा काटा बघायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. दर चार तासांनी मोजा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी रात्री दर वीस मिनिटांनी मोजत होते. ९३ दिसलं की जीव खाली पडायचा, आणि दहा मिनिटांत परत वर चढायचा. मधल्या वेळात आईंची कूस बदलायची, दोन कूलरमध्ये बादल्यांनी पाणी भरायचं. कूलर बंद पडला तर नागपूरच्या त्या उन्हात निरोगी माणूसही आजारी पडेल, त्यामुळं तेही काम टाळण्यासारखं नव्हतं. आईंना एकटीनं वर सरकवताना एकदा कमरेत लचक भरली. ओढणी घट्ट बांधून तशीच उभी राहिले.

शिवाय फोन. दिवसाला पंचवीस-तीस. प्रत्येकाला तेच सांगायचं, आणि प्रत्येकाकडून एक उपाय ऐकायचा. कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगवा, अमका काढा द्या, वाफ द्या. माया होती त्यांची, हे कळत होतं. शेवटी सगळे म्हणायचे, "काही लागलं तर सांग हं." मी म्हणायची, "नाही, सगळं ठीक आहे." बंगळुरूच्या नणंदेलाही हेच सांगितलं. स्वतःच्या आईचं खरं काय चाललंय ते तिला बारा दिवस कळू दिलं नाही.

आणि घरात सतरा वर्षांचा मुलगा होता. त्याची बारावी. परीक्षा पुढं ढकलली होती, पण होणार असं धरून आम्ही चाललो होतो. तो दोनदा म्हणाला, "आई, रात्री मी बसतो, तू झोप." मी त्याला दामटून खोलीत पाठवलं. मुलगी असती तर मी तिलाही असंच पाठवलं असतं का, हा प्रश्न मी नंतर स्वतःला विचारला. प्रामाणिक उत्तर मला आवडलं नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरच्या माणसांची विनामोबदला काळजी घेण्यात, हे काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी १३४ मिनिटं जात होती आणि पुरुषांची ७६. घरकामात तर २९९ आणि ९७. हे महामारीच्या आधीचे आकडे. हा फरक फक्त पुरुषांनी केलेला नाही. "तू राहू दे, तुला नाही जमायचं" म्हणत माझ्यासारख्यांनीही तो जपला आहे. बारावीची ती परीक्षा जूनमध्ये रद्दच झाली.

२३ एप्रिलच्या संध्याकाळी विशाखापट्टणमहून निघालेली ऑक्सिजन एक्स्प्रेस नागपूरला पोचली. टीव्हीवर टँकर दिसले आणि मी हॉलमध्ये उभ्या उभ्या रडले. त्या रात्री तरी झोपायला हवं होतं. नाही झोपले. सकाळी दोन सिरिंज.

मी मुलाला हाक मारली. डॉक्टरांना फोन लागला हे नशीब. आईंना शुद्ध होती, गिळता येत होतं. डोक्याकडून उठवून बसवलं आणि तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून चमच्या-चमच्यानं पाजली. पंधरा मिनिटांनी परत मोजली, ६३. परत साखर. मग ८८. पण ते मिश्र इन्सुलिन होतं, त्याचा अंमल दिवसभर राहतो. म्हणून दर तासाला मोजा, मधून मधून खायला घाला, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचं दुसरं वाक्य मी कधी विसरणार नाही. "हे तुम्ही करायचं नाही. मुलाला करू द्या. तुम्ही दार लावून झोपा. आता घरातला सगळ्यात धोक्याचा पेशंट तुम्ही आहात."

मी सहा तास झोपले. उठले तेव्हा मुलानं दोनशे पानी वहीत रकाने आखले होते: वेळ, काय दिलं, किती, कुणी दिलं, सही. दर तासाची साखर त्याच्या वळणदार अक्षरात. आईंचं डायपरही त्यानं बदललं होतं. त्याबद्दल तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. संध्याकाळी त्यानं माझ्या दंडाला पट्टा बांधला. १७८ वर ११०.

आता तुमच्या घरी कुणी अंथरुणावर असेल, तर माझी ही वही उपयोगी पडेल म्हणून सांगते. महामारी असो वा नसो.

औषध देण्याआधी वही उघडायची, दिल्यावर लगेच सही. डोक्यावर विसंबू नका. न झोपलेलं डोकं खोटं बोलतं आणि खात्रीनं बोलतं. इन्सुलिन एका वेळी एकाच माणसानं द्यायचं आणि समोर जेवण तयार असेल तेव्हाच. साखर ७० च्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीत असेल, गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, घास श्वासनलिकेत जातो. सरळ १०८ ला फोन करा.

रात्र वाटून घ्या. घरात दोनच माणसं असली तरी वाटता येते: दहा ते अडीच एक, अडीच ते सात दुसरा. ज्याची पाळी नाही त्यानं दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं. त्याच खोलीत जमिनीवर पडून "मी झोपते, पण लक्ष आहे" असं म्हणणं म्हणजे झोप नव्हे. मी दोन आठवडे तेच केलं होतं.

अंथरुणावरच्या माणसाला काखेत हात घालून ओढू नका. अंगाखाली आडवी चादर घाला, दोघांनी दोन्ही कडा धरून सरकवा. त्याचा खांदा वाचतो, तुमची कंबर वाचते. एकट्यानं करायची वेळ आली तर शेजाऱ्याला हाक मारा. दोन मिनिटांचं काम असतं, लोक येतात.

"काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्याला तिथल्या तिथं काम सांगा, तेही नेमकं. "मदत कर" म्हटलं की माणूस गोंधळतो. "उद्या सहा वाजता कूलर भरून दे" म्हटलं की सहाला हजर होतो. आमच्या शेजारच्या काकाजींनी महिनाभर अंगणातल्या नळाला पाइप लावून, खिडकीबाहेरून दोन्ही कूलर भरले. नणंदेला मी त्या शनिवारी रात्री सगळं सांगितलं, दोन सिरिंजांसकट. वाटलं होतं, ती चिडेल. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "वहिनी, मला आधी का नाही गं सांगितलंस?" दुसऱ्या दिवसापासून नातेवाइकांचे सगळे फोन तिनं स्वतःकडे घेतले. रात्री आठला एकच निरोप गटावर जायचा. शिवाय रोज संध्याकाळी अर्धा तास ती व्हिडिओवर आईंशी बोलायची, भेंड्या खेळायची. तो अर्धा तास मी गच्चीवर जाऊन बसायची.

काळजी घेणाऱ्याची गोळी रुग्णाच्या डबीतच ठेवा. त्याची लस, त्याची तपासणी आधी. आणि मन फारच भरून आलं, रुग्णाचा राग येऊ लागला, तर लाजू नका. मला आईंचा राग आला होता, एकदा मी त्यांच्या अंगावर ओरडलेही. याबद्दल बोलायला तेव्हा कुणी सापडलं नाही. आता टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, २०२२ पासून सुरू झालेला, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं.

आदल्या वर्षी, २०२० च्या सप्टेंबरात, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत मी घरोघर फिरले होते. ताप बघायचा, ऑक्सिजन मोजायचा, मधुमेह-रक्तदाब विचारायचा. कितीतरी घरांत कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेलं होतं आणि दारात येऊन उत्तरं देणारी बाई पदराला हात पुसत उभी असायची. तिला मी रुग्णाचं सगळं विचारलं. तू रात्री झोपतेस का, हे एकीलाही विचारलं नाही.

हे बरे झाले. ताई जूनमध्ये परत आल्या. आई त्यानंतर पावणेदोन वर्षं होत्या. वह्या चार भरल्या. त्यांत माझं अक्षर आहे, ह्यांचं आहे, सुटी काढून दर तीन महिन्यांनी येणाऱ्या नणंदेचं आहे, ताईंच्या सहीऐवजी एक फूल आहे. चौथ्या वहीत शेवटची नोंद पहाटे ५.१० ची. 'आजीनं दोन चमचे पाणी घेतलं. हात धरून बसलो आहे.' खाली मुलाची सही. माझी पाळी साडेपाचला होती, मी आतल्या खोलीत झोपलेली होते.