मेमस्टोअर वाढवला, तरी राइट अडलेच

वीजमीटरची रीडिंग साठवणारं एचबेसचं क्लस्टर मी चार वर्षं सांभाळलं. नव्याने ऑन-कॉलवर येणाऱ्यांना हे सांगायलाच हवं.

१. आधी भागाकार करा. आमच्या प्रत्येक रीजनसर्व्हरला ३२ जीबी हीप होती. त्यात सगळ्या मेमस्टोअरचा मिळून वाटा ०.४, म्हणजे १२.८ जीबी. फ्लश साइज १२८ एमबी धरली तर साधारण शंभर रीजन भरेपर्यंत थांबू शकतात. आमच्याकडे एका सर्व्हरवर सतत राइट घेणारे रीजन तीनशे होते! एकेकाच्या वाट्याला सरासरी ४३ एमबी. राइट मंदावले तेव्हा मी हा हिशेब न करताच फ्लश साइज २५६ केली आणि पहाटेपर्यंत ग्राफसमोर बसून राहिलो. रेष तशीच. एकूण मर्यादेच्या ९५ टक्क्यांवर सर्व्हर सक्तीने फ्लश सुरू करतो. आमचा एकही रीजन १२८ पर्यंतसुद्धा पोचत नव्हता. शेवटी रीजन मर्ज करून शंभराच्या खाली आणले, तेव्हा फरक पडला.

२. छोट्या फ्लशच्या छोट्या फाइल होतात आणि त्या कॉम्पॅक्शनच्या उरावर बसतात. एका स्टोअरमध्ये १६ हून जास्त फाइल साचल्या की पुढचा फ्लश ९० सेकंदांपर्यंत रोखला जातो. राइट तर येतच असतात. मेमस्टोअर फुगत जाऊन फ्लश साइजच्या चौपट झाला की क्लायंटला ‘रीजन टू बिझी’ची एरर. दिसायला मेमरीची तक्रार, पण दुखणं डिस्कचं. म्हणून मी आधी कॉम्पॅक्शनची रांग बघतो, मग कॉन्फिगला हात लावतो.

३. रो-की वेळेने सुरू होत असेल तर सगळी ताजी रीडिंग एकाच रीजनवर आदळतात. तिथे कितीही मेमरी ओता, पुरत नाही. आधी की बदला.

४. मेमस्टोअर आणि ब्लॉक कॅश मिळून हीपच्या ८० टक्क्यांपुढे गेले तर रीजनसर्व्हर सुरूच होत नाही. मेमस्टोअरला दिलेलं कुठून काढणार, हे रीडवाल्यांशी बोलून ठरवा.

५. वेगासाठी वॉल (राइट-अहेड लॉग) कधीही टाळू नका. जुना डेटा भरताना मी एकदा तो टाळला. मध्येच एक सर्व्हर पडला आणि फ्लश न झालेलं सगळं गेलं. नेमकं काय गेलं, हे सांगणारी नोंदही उरली नव्हती. सहा महिन्यांची रीडिंग आम्ही पहिल्यापासून पुन्हा भरली.