हन्ना घरी का राहिली?

शास्त्रभाग : १ शमुवेल १:२१-२८; यशया ४९:१४-१६

एलकाना वार्षिक यज्ञासाठी कुटुंबासह शिलोस निघाला, पण हन्ना गेली नाही. ज्या ठिकाणी अश्रू ढाळून तिने पुत्र मागितला, तेथे बाळाचे थान तुटल्यावरच जायचे असे तिने ठरविले, आणि पतीने त्याला संमती दिली. ही भक्तीतील ढिलाई होती काय? नाही. देवाला वाहावयाचे मूल आधी जगले व वाढले पाहिजे. म्हणून बाळाला पाजणे हा हन्नाच्या नवसाचाच भाग होता.

आता ग्वाल्हेरच्या लष्करातील टोपी बाजारासारखी गजबजलेली पेठ डोळ्यांपुढे आणू. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी येथे पडली व तिचेच शहर झाले. मराठी कुटुंबेही येथे रुजली. अशा पेठेतील बाळंतिणीला सल्ल्यांची वाण नसते. कोणी मध चाटवा म्हणते, कोणी मराठी गुटी तर कोणी हिंदी घुट्टी सुचविते, कोणी पहिला चीक पिळून टाकावयास सांगते. हे सारे मायेपोटी होते. पण माया आणि ज्ञान यांची जोड हवी.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सोपा आहे. जन्मानंतर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे. पिवळसर, घट्ट चीक टाकू नये. त्यात रोगाशी लढण्याचे बळ असते. सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काही नको, अगदी पाणीही नको. ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांवर गेला तरी नको, कारण आईच्या दुधात बहुतांश पाणीच असते. पुढे वरचे अन्न सुरू करून दोन वर्षे किंवा अधिक काळ पाजावे. वर्षाच्या आतील बाळाला मध देणे तर धोक्याचे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तासाभरात दूध मिळालेली बालके शंभरात सुमारे ४२ च होती.

बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. वरची बाटली वाढली की पान्हा आटू लागतो. वेळ टळली की स्तन भरून येतात, बाळाच्या रडण्यानेही पान्हा फुटतो. आईने विसरावे म्हटले तरी शरीर तिला विसरू देत नाही. यशयाने देवाच्या स्मरणासाठी पाजणाऱ्या आईचाच दाखला का घेतला, हे येथे उमगते. तीही कदाचित विसरेल, पण देव विसरत नाही. म्हणून आजारामुळे किंवा दूध कमी आल्यामुळे जी पाजू शकत नाही, तिला आपण दोष देऊ नये. तिला वैद्यकीय सल्ला व धीर द्यावा.

२०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार मातांना पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. परंतु दहापेक्षा कमी माणसे असलेल्या छोट्या दुकानातील बाईला त्याचा लाभ नाही. तिच्यासाठी एलकाना कोणी व्हावे? पती, सासू, दुकानाचा मालक आणि आपली मंडळीसुद्धा. उपासनेला आली नाही म्हणून तिला बोल लावण्याऐवजी तिच्या घरी डबा पोहोचवू या. ती आली, तर मंदिरात पडद्याआड एक खुर्ची तिच्यासाठी ठेवू या.

वर्गात चर्चेसाठी :
१. एलकानाने संमती दिली नसती, तर हन्नाला काय सोसावे लागले असते?
२. आपल्या मंडळीतील बाळंतिणीसाठी या महिन्यात आपण कोणते एक काम करू?