गेटवरच्या नोकरीला नाकं मुरडू नका

बारावीचा निकाल लागला की धाराशिव जिल्हाभरातून फोन सुरू होतात. कळंब असो, परंडा असो की उमरगा, प्रश्न एकच: "सर, पोराला भरतीच्या अकॅडमीत टाकू का?" माझं उत्तर सरळ आहे. पदवी सोडून टाकणार असाल तर टाकू नका.

२०२४ च्या पोलीस भरतीत राज्यात १७ हजारांवर जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले. शंभरात एक लागणार. मैदानी ५० गुण, लेखी १००, हे पोरांना तोंडपाठ आहे, त्यावर मी शब्द खर्च करत नाही. खरी अडचण पालकांच्या हट्टाची आहे. सोयाबीनचे पैसे फीत जातात, कधी घरातलं सोनं मोडतं. एका भरतीत दोन मार्कांनी हुकतं, पुढची कधी निघेल ते कुणालाच ठाऊक नसतं. पंचविशीपर्यंत पोरगं पहाटे डांबरी रस्त्यावर पळतं आणि घरी आल्यावर "शेजारच्याचा नंबर लागला, तुझं काय?" हे ऐकून घेतं. वडीलधाऱ्यांनो, हे बोलणं आधी बंद करा. पोर गप्प गप्प राहत असेल, जेवण टाळत असेल, तर अकॅडमी बदलू नका, डॉक्टर गाठा.

सुरक्षेच्याच कामाची ओढ असेल तर एक वाट कुणी विचारातच घेत नाही: कॅम्पस सुरक्षा. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा कॅम्पस आहे. धाराशिवला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या सगळ्यांना राखणारी माणसं लागतात. अमेरिकेत अनेक विद्यापीठांना स्वतःचं पोलीस दल असतं आणि शहर पोलिसांशी कोणी काय करायचं याचे लेखी करार असतात. आपल्याकडे तसं दल नाही. म्हणूनच गेटवरचा माणूस आणि पोलीस ठाणं यांच्यातला दुवा जाणकार हवा.

त्याचे अधिकार किती? सामान्य नागरिकाइतकेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सांगतं की डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडला तर कुणीही आरोपीला धरू शकतो, पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. खोलीत डांबून जबाब घेणं, मोबाइल तपासणं हे त्याचं काम नव्हे. उलट, कुलगुरूंच्या परवानगीशिवाय पोलीस आत येऊच शकत नाहीत, हा समज पक्का बसलाय. कायद्यात अशी सरसकट अट नाही.

वसतिगृहात रात्री मारामारी झाली असं धरा. शिकलेला सुरक्षारक्षक आधी ११२ लावतो, जखमीला दवाखान्यात पाठवतो, जागा कुणाला धुऊ देत नाही आणि रजिस्टरमध्ये वेळ टाकतो. मग सीसीटीव्हीचं चित्रण वेगळं काढून ठेवायला लावतो, कारण डीव्हीआर काही दिवसांनी जुन्यावर नवं चढवतो. डीव्हीआरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असेल तर तेही लिहून ठेवतो. नाहीतर कोर्टात आरोपीचा वकील तिथेच बोट ठेवतो. शिवाय इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं. रॅगिंगचं प्रकरण असेल तर यूजीसीच्या २००९ च्या नियमांनुसार संस्थेला २४ तासांत एफआयआर करावा लागतो. इतकं नीट करणारा माणूस हाताशी असला की तपास अधिकाऱ्याचं निम्मं काम हलकं होतं.

अमली पदार्थांच्या बाबतीत तर जास्तच सावध राहावं लागतं. तुळजापूरचं २०२५ चं एमडी (मेफेड्रोन) ड्रग्ज प्रकरण सगळ्यांनी वाचलंय. पुडी सापडली तर ती उचलून प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायची नाही. तिथेच पहारा द्यायचा आणि पोलिसांना बोलवायचं. जप्तीचा अधिकार त्यांचा.

आता पगाराचं. गार्ड म्हणून लागलात तर सुरुवातीला पैसे कमी मिळतात, ठेकेदारी आहे, रात्रपाळी आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. वर चढायचं तर पदवी पूर्ण करा, इंग्रजीत अर्ज आणि अहवाल लिहायला शिका, अग्निशमन आणि प्रथमोपचाराचे कोर्स करा. सुरक्षा अधिकाऱ्याच्या खुर्चीत आज बहुधा माजी सैनिक किंवा निवृत्त पोलीस दिसतात, कारण हे लेखी काम आणि शिस्त त्यांच्या अंगात भिनलेली असते. मुलींनी तर नक्की विचार करावा. मुलींच्या वसतिगृहात तक्रार ऐकायला बाई हवीच.

सायन्सवाल्यांनी छत्रपती संभाजीनगरची शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थाही बघावी. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळ भेट नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सक्तीची केली आहे, माणसं लागणारच.

आणि गार्डच्या नोकरीसाठी कुठल्याही सुरक्षा एजन्सीत सही करण्याआधी तिचा २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना बघायला मागा. केंद्राच्या नमुना नियमांत १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलंय, ते देणार का ते विचारा. पीएफचा नंबर आणि दरमहा पगाराची पावती मागा. "नंतर बघू" म्हणणाऱ्याकडे सही करू नका, आणि त्याला अनामत रक्कम तर एक रुपयाही देऊ नका.