बर्फाच्या वाटेवर निघण्यापूर्वी

शिमल्याहून निघालेला रस्ता रामपूर मागे टाकतो, किन्नौरमधून सतलजच्या काठाने वर चढतो आणि नाको, ताबो ही गावे घेत स्पिती खोऱ्यातील काझा येथे पोचतो. अंतर चारशे किलोमीटरांहून अधिक आहे. काझा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे आणि जानेवारीत तेथील रात्रीचे तापमान उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. मनालीकडून येणारी कुंझुम खिंडीची वाट हिवाळ्यात बंद होते, त्यामुळे शिमल्याकडची ही एकच वाट उरते. अलीकडे महाराष्ट्रातूनही पुष्कळ मंडळी हिमवर्षाव पाहण्यासाठी मुद्दाम याच दिवसांत तिकडे जातात. तुमच्या घरी असा बेत ठरलाच, तर स्वेटर आणि कानटोप्या भरण्याचे काम आई-वडिलांवर सोपवा. तुम्ही भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडा.

पहिला प्रश्न घर्षणाचा. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीचे ब्रेक लावले, तर ती किती अंतरावर थांबेल? सपाट रस्त्यावर हे अंतर वेगाच्या वर्गाला २μg ने भागून मिळते. g चे मूल्य १० धरू. कोरड्या डांबरावर रबराचा घर्षणगुणांक μ सुमारे ०.७ असतो, म्हणून उत्तर येते ७ मीटर. बर्फावर तो ०.१ धरला, तर उत्तर ५० मीटर!

हे झाले सपाटीवर. आता दर १०० मीटरला ७ मीटर उतरणारा घाट घ्या. येथे गुरुत्वाकर्षण गाडीला पुढे ओढते आणि रोखण्यासाठी उरतो ०.१ वजा ०.०७, म्हणजे फक्त ०.०३. गणित करा, उत्तर १६७ मीटर येईल. पहाडी रस्त्यावर १६७ मीटरांत दोन वळणे सहज येतात. बर्फावर पाण्याचा पातळ थर आला आणि घर्षणगुणांक ०.०५ वर उतरला, तर वजाबाकीचे उत्तरच ऋण होते. याचा अर्थ असा की ब्रेक कितीही जोराने दाबले तरी गाडी थांबत नाही, तिचा वेग वाढतच जातो. चालकाचे कौशल्य या वजाबाकीपुढे चालत नाही. त्याच्या हाती एकच गोष्ट असते, ती म्हणजे आधीचा वेग. तो निम्मा केला, तर १६७ मीटरांचे ४२ मीटर होतात, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे.

पण बर्फ निसरडा असतो तरी का? दाबामुळे तो वितळतो, असे उत्तर अजूनही अनेक जण देतात. हे पडताळून पाहू. एका वातावरणाइतक्या जादा दाबाने बर्फाचा द्रवणांक जेमतेम ०.००७५ अंशाने उतरतो. मोटारीच्या टायरचा रस्त्यावरील दाब दोन-तीन वातावरणांचा असतो. एवढ्याने उणे १० अंशांचा बर्फ वितळणार नाही. खरे कारण पृष्ठभागात आहे. तेथील रेणूंना वरच्या बाजूने शेजारी नसल्यामुळे ते सैल असतात आणि द्रवासारखे वागतात. असा थर असावा, हे मायकेल फॅरडेने १८५० मध्येच सुचवले होते. घसरताना निर्माण होणारी उष्णता त्यात भर घालते. म्हणूनच शून्य अंशाजवळचा ओला बर्फ टायरला सर्वांत दगा देतो. कडाक्याच्या थंडीतला कोरडा बर्फ त्यापेक्षा बरा.

शीतकपाट असेल तर हे करून पाहा. ताटात पाणी गोठवा. त्यावर खोडरबर ठेवून ताट एका बाजूने हळूहळू उचला आणि रबर घसरू लागताच कोन मोजा. त्या कोनाची टॅन्जंट म्हणजे घर्षणगुणांक. ताट बाहेर काढल्याबरोबर एकदा आणि बर्फाला पाणी सुटू लागल्यावर पुन्हा एकदा मोजा.

यावर उपाय म्हणजे चाकांना बांधायच्या लोखंडी साखळ्या. त्या बर्फात रुततात. ज्या चाकांना इंजिन फिरवते, त्यांना त्या बांधतात. हातमोजे घालून त्या बांधण्याचा सराव घरीच करावा; उणे १० अंशांत, अंधारात ते शिकता येत नाही. ‘आमची जीप चारही चाकांवर चालते, आम्हाला साखळ्या कशाला?’ असे म्हणणारे भेटतात. चारही चाकांना शक्ती मिळाल्याने गाडी चढते चांगली. परंतु ब्रेक तर प्रत्येकच मोटारीत चारही चाकांना असतात! थांबण्याच्या बाबतीत त्या जीपला कसलाही अधिक लाभ नाही.

आता इंजिनाकडे वळू. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि रेडिएटरच नव्हे, इंजिनाचा ओतीव भागही तडकवू शकते. म्हणून पाण्यात एथिलिन ग्लायकॉल मिसळतात. गंमत अशी की शुद्ध ग्लायकॉल सुमारे उणे १३ अंशांलाच गोठते, पण निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल हे मिश्रण जवळजवळ उणे ३७ अंशांपर्यंत टिकते. तेव्हा ‘जास्त घातले की जास्त चांगले’ हा हिशेब येथे चुकतो. हा द्रव गोडसर पण विषारी असतो, लहान मुलांपासून दूर ठेवा.

डिझेलचे दुखणे निराळे. त्यात विरघळलेले मेण थंडीत स्फटिकरूपाने बाहेर पडते आणि गाळणी तुंबते. टाकीखाली स्टोव्ह पेटवणारे ट्रकचालक पहाडात असतात. तुम्ही त्यांचे अनुकरण करू नका. लडाखसारख्या प्रदेशांसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल २०१९ मध्ये आले. खालून भरून नेलेल्या साध्या डिझेलवर वरची रात्र काढणे धोक्याचे.

बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. उणे १८ अंशांला तिची ताकद निम्म्यावर येते, आणि नेमके तेव्हाच घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवायला अधिक जोर लागतो. पूर्ण भारित बॅटरीतील आम्ल उणे ६० अंशांखालीही द्रव राहते. उतरलेल्या बॅटरीत मात्र जवळजवळ पाणीच उरते आणि ते उणे १० अंशांच्या आसपास गोठते. म्हणून जुनी बॅटरी निघण्यापूर्वीच बदलावी. रात्री हॅण्डब्रेक ओढून ठेवू नये, ओलावा गोठून तो जागीच अडकतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांखाली दगड लावावेत.

सर्वांत गंभीर गोष्ट आता सांगतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी हिमवादळात मोटारी अडकल्या आणि वीसहून अधिक माणसे गाड्यांतच मरण पावली. त्यांतील अनेकांचा बळी कार्बन मोनॉक्साइडने घेतल्याचे तेव्हा सांगण्यात आले. हे कसे घडते? ऊब मिळावी म्हणून माणसे काचा बंद करून इंजिन चालू ठेवतात. बाहेर बर्फ साचत जातो, सायलेन्सरचे तोंड बुजते आणि धूर गाडीखालून आत शिरतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला पकडते. डोके जड होते, झोप येते, आणि ती थंडीमुळे आली असे वाटते. काझ्याच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्केच असतो. तेथे रक्ताला ऑक्सिजन आधीच कमी मिळत असतो, मग हे विष अधिकच लवकर बाधते.

म्हणून अडकल्यास आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढावा, इंजिन थोडाच वेळ चालवावे आणि तेवढा वेळ वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी. बाकीचा वेळ ऊब कशी मिळवायची? स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता देत असतो. गाडीत चौघे असतील, तर ४०० वॉटची शेगडी आतच आहे! ती उष्णता बाहेर जाऊ न देण्यासाठी लोकरीची पांघरुणे हवीत, माणशी दोन तरी. शिवाय सुका खाऊ, पाणी, विजेरी आणि एक लहान फावडे. हे फावडे मागे सामानाच्या कप्प्यात न ठेवता आत पायाशी ठेवावे, कारण मागचे दार बर्फाने गोठून बसले, तर ते उघडायलाही फावडेच लागते.