त्वरा आणि धावपळ



आगमनकाळाचा शेवटचा आठवडा आला. शाळेचे स्नेहसंमेलन, वाडीतल्या समूहाची प्रार्थना, गायनवृंदाचा सराव, पापनिवेदन. त्यातच करंज्या, गोठा आणि रोजची विरार लोकल! घरोघरी आईबाबांची दमछाक होते. खरे सांगायचे तर, ही यादी वाढवण्यात आम्हा धर्मगुरूंचाही हात आहे.

१७ डिसेंबरपासून ख्रिस्तसभेची उपासना आपले लक्ष प्रभुजन्माकडे अधिक थेटपणे वळवते. संत लूक सांगतो की, देवदूताचा निरोप मिळाल्यावर पवित्र मरिया त्वरेने डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथकडे गेली आणि सुमारे ३ महिने तिच्याजवळ राहिली. घाई तिलाही होती. पण तिच्या उदरात प्रभू होता आणि वाट एका गरजू घराकडे जात होती.

गोठा हे साधन, प्रभू हे साध्य. साधनच साध्य होऊन बसले की त्वरेची धावपळ होते.

म्हणून या आठवड्यात एक संध्याकाळ मोकळी ठेवू या. टीव्ही बंद करून सर्वांनी मिळून लूक १:३९-५६ वाचू या. मग शेजारच्या एकट्या आजीकडे फराळाचे ताट घेऊन जाऊ या आणि घटकाभर तिच्यापाशी बसू या. त्यासाठी चर्चमधला एखादा कार्यक्रम चुकला, तर आम्ही हजेरी मागणार नाही.