सही करण्याआधी

पालकहो, आज पैशांचं बोलू या. शाळेच्या पैशांचं. पालकसभेत हा विषय निघाला की दोनच सूर लागतात. एकजण म्हणतो, सरकार शाळेला काही देत नाही. त्याच्या शेजारी बसलेला म्हणतो, देतं तर भरपूर, पण जातं कुठे कोण जाणे! मग कोणीतरी म्हणतं, जाऊ दे, वर्गणी काढू. आणि सभा उठते. गुरुजींच्या टेबलावर कॅशबुक असतं, ते मात्र कोणी उघडत नाही.

मी सिंधुदुर्गातल्या जिल्हा परिषद शाळांत नोकरी केली. देवगडच्या कातळावर केली, दोडामार्गच्या डोंगरातही केली. शाळेसाठी जागा सोडणारी, चिरे वाहणारी, स्वतःच्या आंब्याच्या पैशांतून मुलांना दप्तरं घेऊन देणारी माणसं पाहिली. त्यांच्याविषयी मनात आदरच आहे. तरीही आता नोकरीतून मोकळी झाल्यावर तुम्हांला सांगावंसं वाटतं ते हे की, शाळेला वर्गणी द्या किंवा देऊ नका, हिशेब मात्र मागा.

आधी शाळेकडे पैसा येतो कसा ते बघा. सगळ्यांत मोठा खर्च शिक्षकांच्या पगाराचा. तो राज्य शासन जिल्हा परिषदेमार्फत करतं, त्यातला रुपयाही शाळेच्या हातात येत नाही. दुपारच्या जेवणाचा तांदूळ सरकारकडून येतो, पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५०. पुस्तकं बालभारतीची, तीही फुकट. मग शाळेने स्वतःच्या हाताने खर्चायचं उरतं काय? मुख्यतः संयुक्त शाळा अनुदान. समग्र शिक्षा योजनेतून येतं, केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. ते पटावर ठरतं. पट तीसपर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये. एकतीस ते शंभर असेल तर २५,०००. पुढे अडीचशेपर्यंत ५०,०००.

म्हणजे तीस मुलांची शाळा आणि एकतीस मुलांची शाळा यांत पंधरा हजारांचा फरक. एका मुलाचा!

आता आपला जिल्हा बघा. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झालेला. २००१ च्या जनगणनेत आपण ८ लाख ६८ हजार होतो, २०११ मध्ये ८ लाख ४९ हजार. लोकसंख्येने राज्यातला सगळ्यांत लहान जिल्हा, आणि दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी कमी झालेला. तरुण मुंबईला, पुण्याला, गोव्याला. वाड्या विखुरलेल्या, घरात म्हातारी माणसं. मुलंच कमी, तर पट कुठून येणार? त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी शाळा त्या पहिल्याच पायरीवर आहेत, दहा हजारांच्या.

दहा हजार म्हणजे महिन्याला आठशे तेहतीस रुपये. त्यातून वीजबिल, खडू, रजिस्टरं, कुलपं, नळाची तोटी, तुटलेली खिडकी. किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्चायची असाही नियम आहे, म्हणजे फिनेल, झाडू, साबण. शिवाय कागदावरची रक्कम दरवर्षी वेळेवर आणि एकरकमी पडते असंही नाही. जी वर्षअखेरीला पडते ती ३१ मार्चच्या आत खर्ची टाकावी लागते, नाहीतर परत जाते. घाईत मग गरज नसलेली वस्तू घेतली जाते आणि गरजेची राहते.

एका शाळेतली गोष्ट सांगते. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने मोठा टीव्ही दिला. चतुर्थीला आलेल्या चाकरमान्यांच्या हस्ते उद्घाटन झालं, नारळ फुटला, फोटो निघाले. पहिले काही दिवस पोरं कविता ऐकत होती, ग्रहमाला बघत होती. मग वीजबिल वाढलं. बिल भरायला अनुदानात पैसे नव्हते आणि टीव्ही देणाऱ्या मंडळाच्या डोक्यात बिलाचा विचारच आला नव्हता. मीटर तोडून न्यायची पाळी आली, तेव्हा बाईंनी पदरचे पैसे भरले आणि टीव्हीवर जुनी साडी पांघरली. देणगी देऊ नका असं मी म्हणत नाही. पण वस्तू देणारे खूप भेटतात, ती चालती ठेवणारे कमी. मंडळवाल्यांना माझं सांगणं असतं, पुढच्या वेळी फळ्यावर नाव घालायची वस्तू नको, वर्षभराचं वीजबिल द्या. ऐकून बहुतेकजण हसतात. बिलावर नाव कुठे घालणार?

दुसरं, छपराचं. आपल्या जुन्या शाळा जांभ्याच्या भिंतींच्या आणि कौलारू. मे महिन्यात कौलं परतून घेतली नाहीत तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वर्गात बालद्या मांडाव्या लागतात. कौलं परतणं गाव करतो, आनंदाने करतो. पण वासे आणि रिपा वाळवीने खाल्ल्या असतील, तर ते काम श्रमदानाचं नाही, मुळीच नाही. तिथे तुमच्या शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो, तो पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, अभियंता येऊन पाहणी करतो, अंदाजपत्रक होतं, मग जिल्हा परिषदेचा किंवा जिल्हा नियोजनाचा निधी. वर्ग फारच धोकादायक असेल तर आधी निर्लेखनाचा प्रस्ताव, म्हणजे ही इमारत वापरातून काढली असं लेखी व्हायला हवं, तेव्हा कुठे नव्याचा विचार. हे सगळं सावकाश चालतं हे खरं. पण ठरावच गेलेला नसेल तर काहीच चालत नाही. आणि पुष्कळदा ठरावच गेलेला नसतो, कारण मध्येच कोणीतरी उदार माणूस पत्रे घालून देतो. पत्रे दोन पावसाळे टिकतात, आणि शाळेची गरज मात्र सरकारी कागदावर कधी उमटतच नाही.

मला खटकतं ते हेच. आपण ज्याला लोकसहभाग म्हणतो, तो पुष्कळदा सरकारने करायचं काम गावाने मुकाट्याने करण्याचं नाव झालं आहे. ज्या वाडीचं लालबाग-परळला मंडळ आहे तिथे कूपनलिका होते, रंगकाम होतं, संगणक येतो. ज्या धनगरवाडीचं कुठेच मंडळ नाही, तिथली शाळा तशीच. दोन्ही शाळा एकाच जिल्हा परिषदेच्या. वर्गणी हा शाळा चालवण्याचा मुख्य मार्ग ठरला, तर धनगरवाडीच्या पोरांनी कोणाकडे बघायचं?

आणि सरकारचा पैसा म्हणजे तरी कोणाचा? इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेत, आणि त्याचा एक भाग खेड्यातल्या शाळांना जाई. १८८२ मध्ये शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी नेमकं यावर बोट ठेवलं होतं: तिजोरी भरतो शेतकरी, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पोरांवर होतो. हा हिशेब मांडायला ते कचरले नाहीत. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी बायकांनी मूठमूठ धान्य बाजूला काढलं, तो मुष्टिफंड आपण अभिमानाने सांगतो, सांगावाच. फक्त त्याच्या जोडीला जोतीरावांचा प्रश्नही सांगावा. तो सहसा भाषणात येत नाही, कारण तो व्यासपीठावरच्या लोकांना अडचणीचा असतो.

हिशेब मागायचा म्हणजे भांडायचं नाही हो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आणली. आपल्या राज्यात ती १२ ते १६ जणांची. त्यांतले तीन चतुर्थांश पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असल्याच पाहिजेत. अध्यक्ष पालकांतला, मुख्याध्यापक सचिव. दर दोन वर्षांनी नवी समिती, आणि ती पालकसभेत निवडायची. शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा करणं, आलेल्या अनुदानावर लक्ष ठेवणं ही तिची कामं कायद्यात लिहिलेली आहेत. खात्यावर अध्यक्षाचीही सही लागते. म्हणजे तुमच्यातल्याच एका आईबापाच्या सहीशिवाय पैसा हलत नाही.

आणि होतं काय? महिन्याची बैठक. इतिवृत्ताची वही फिरते. दोन बायका दारात उभ्या, पायांत चपला तशाच, कारण भात चुलीवर टाकून आल्या आहेत. वही पुढे केली की हमखास उत्तर येतं, "बाई, आमका काय कळता? खंय सही करूची तेवढा सांगा." वहीत लिहिलेलं असतं, 'खर्चास मंजुरी देण्यात आली.' किती खर्च, कशावर, दुकानदार कोण, पावती आहे का, कोणी विचारत नाही. बचत गटाचा हिशेब याच बायका तोंडपाठ सांगतात. पासबुकातली एक रुपयाची चूक पकडतात. मग शाळेच्या वहीपुढेच का हात जोडायचे?

मास्तर चोर आहेत असं माझं म्हणणं नाही, उलट आहे. एकशिक्षकी-दोनशिक्षकी शाळेत मुख्याध्यापकच लिपिक, तोच शिपाई, तोच पोषण आहाराचा हिशेबनीस. पालकांनी पावत्या पाहिल्या तर त्याचंच डोकं हलकं होतं. एकदा समितीने स्वतः बाजारात जाऊन दोन दुकानांतले दर आणले, की मुख्याध्यापकावर कोणी बोट दाखवत नाही. शिवाय काम समितीच्या हातात असलं की फरक पडतो, याचा दाखला नुकताच आपल्या राज्याने पाहिला. २०२४-२५ मध्ये गणवेशाचं काम शाळांकडून काढून राज्यभर एकाच ठिकाणाहून कापड द्यायचं ठरलं. गणवेश उशिरा आले, मापात बसेनात, ठिकठिकाणाहून तक्रारी झाल्या. २०२५-२६ पासून ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. आपल्या पोराच्या खांद्याचं माप गावातल्या शिंप्याला माहीत असतं, मंत्रालयाला कसं असणार?

आता जरा नाजूक विषय. सकाळी वाडीत पिवळी गाडी येते आणि पोरं इंग्रजी माध्यमाला जातात. त्यांच्या आईवडिलांना नावं ठेवणार नाही. आपल्या पोराचं भलं कोणाला नको असतं? पण एवढं समजून घ्या, की पट हीसुद्धा शाळेची मिळकत आहे. अनुदान पटावर, शिक्षकांची पदंही पटावर. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरवणं, त्यावरच होते. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असा कायद्याचा नियम आहे, पण पट फारच खाली गेला की शाळाच राहील का, हा प्रश्न येतो. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार शासनाने पुढे आणला होता. कागदावर तो वाईट दिसत नाही: मोठी शाळा, जास्त शिक्षक, मुलांना सोबती. सपाटीवरच्या जिल्ह्यात कदाचित जमेलही. आपल्याकडे जुलैत व्हाळाला पाणी आलं की साकवावरून सात वर्षांचं पोर कोण पाठवेल? पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, हा नियम उगाच नाही केलेला.

म्हणून गाडीची वर्षाची फी, शाळेची फी, गणवेश, बूट, सगळं एका कागदावर लिहा. शेजारी लिहा, तुमच्या वाडीची शाळा नीट चालायला नेमकं काय कमी आहे. दुसरा शिक्षक? इंग्रजीचा सराव? स्वच्छ मुतारी? ती उणीव भरून काढायला काय करता येईल ते समितीत बसून बघा, आणि मग काय तो निर्णय घ्या. तुमचा निर्णय तुमचा. पण पोर पाचवीपर्यंत इथे राहिलं तर तुम्ही त्या वहीवर सही करणारे असाल, हे मनात असू द्या.

ग्रामपंचायतीचंही विसरू नका. ग्रामपंचायत विकास आराखड्यात शाळेचं काम घालता येतं: पाणी, कुंपण, मुतारी, दुरुस्ती. तो आराखडा ग्रामसभेत ठरतो आणि आपल्या ग्रामसभांत शाळेचा विषय फार करून झेंडावंदनाच्या चहापुरता येतो. समितीचा ठराव आधी तयार ठेवा, सरपंचांच्या हातात द्या, आणि पोच घ्या. पोच घ्यायला लाजू नका. पुढच्या वर्षी तोच कागद कामाला येतो.

वर्गणी काढायचीच असेल तर काढा, पण ऐच्छिक. न देणाऱ्याचं पोर वर्गात वेगळं पडता कामा नये, आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती फाडली गेली पाहिजे. जमाखर्च शाळेच्या व्हरांड्यात लावा, खडूने फळ्यावर लिहिलात तरी चालेल.

शेवटचं एक, बैठकीच्या वेळेचं. बहुतेक ठिकाणी ती सकाळी दहा-अकराला ठेवतात, कारण शाळेला ते सोयीचं. काजूच्या कारखान्यात जाणारी बाई, लावणीला गेलेली बाई, तिला कशी जमणार? मग रिकाम्या असतात त्याच दोघी-तिघी येतात आणि बाकीच्यांच्या सह्या मागाहून घरोघर फिरून घेतल्या जातात. बैठक संध्याकाळी सहाला घ्या असं समितीने म्हटलं तर मुख्याध्यापक नाही म्हणत नाहीत. म्हणालेच तर तेही इतिवृत्तात लिहून घ्या. या महिन्याच्या बैठकीचा पहिला विषय हाच ठेवा, आणि दुसरा, कॅशबुकाचं वाचन.