पाठ केलेलें टिकावें कसें ?

परीक्षेच्या आदल्या रात्रीं पुस्तक चारचारदां वाचून काढावें, सकाळीं उत्तरें लिहावीं, आणि महिन्याभरानें त्यांतील कांहींच आठवूं नये, हा अनुभव पुष्कळ विद्यार्थ्यांस येतो. मग ‘माझी स्मरणशक्तीच मंद’ असें म्हणून ते हताश होतात व पालकहि तसेंच समजतात. वास्तविक दोष बहुधा पद्धतीचा असतो. ती सुधारण्यास साह्य करणारें एक साधन आज इंटरनेटवर विनामूल्य मिळतें. त्याचा येथें परिचय करून देऊं.

विस्मरणासहि नियम आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानें स्वतःवरच प्रयोग करून इ. स. १८८५ मध्यें असें दाखविलें कीं, पाठ केलेल्या मजकुराचा मोठा भाग पहिल्या कांहीं तासांतच निसटतो व पुढें विसरण्याचा वेग मंदावतो. इ. स. २००६ मध्यें अमेरिकेंत रोडिगर व कार्पिकी यांनीं दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनीं एक उतारा पुन्हां वाचला व दुसरा न पाहतां आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां पुन्हां वाचलेला उतारा अधिक आठवला. परंतु ज्यांची परीक्षा आठवड्यानें घेतली, त्यांस त्याचा शेंकडा ४२ भाग आठवला, तर आठवून लिहिलेल्याचा शेंकडा ५६. तात्पर्य, पुन्हां वाचण्यापेक्षां आठवून पाहणें श्रेयस्कर, आणि तें विसर पडण्यापूर्वीं व्हावें.

याच तत्त्वांवर ‘अंकी’ हें साधन उभारलेलें आहे. डेमियन एल्म्स यांनीं तें इ. स. २००६ मध्यें प्रथम उपलब्ध केलें. जपानी भाषेंत या शब्दाचा अर्थच पाठांतर असा आहे. संगणकावर व अँड्रॉइड मोबाईलवर तें फुकट मिळतें. कार्डाच्या पुढें प्रश्न लिहावयाचा, मागें उत्तर. उदाहरणार्थ, ‘पानिपतची तिसरी लढाई केव्हां झाली?’ आणि मागें ‘१४ जानेवारी १७६१.’ प्रश्न दिसतांच उत्तर मनांत जुळवावें, मग कार्ड उलटावें, आणि उत्तर चुकलें, अवघड गेलें, ठीक आलें कीं सोपें वाटलें, तें बटण दाबून सांगावें. सोपें कार्ड कांहीं दिवसांनीं, नंतर आठवड्यांनीं, पुढें महिन्यांनीं समोर येतें. चुकलेलें लवकरच परततें. आज कशाची उजळणी करावयाची, याचें टिपण साधनच ठेवतें.

मात्र चार नियम पाळावे. धडा समजल्यावांचून कार्ड करूं नये. न समजतां केलेली ती केवळ घोकंपट्टी होय. एका कार्डावर एकच प्रश्न असावा. दुसऱ्यांचीं तयार कार्डें घेण्यापेक्षां आपलीं आपणच करावीं, कारण प्रश्न काढतांनाच अर्धा अभ्यास होतो. आणि काम रोज थोडें करावें. आठवडाभर टाळल्यास उजळणीचा ढीग सांचतो.

पुष्कळ घरांत मोबाईल एकच असतो. पालकांनीं तो ठराविक वेळीं पंधरा मिनिटें द्यावा व तेवढा वेळ जवळ बसावें. तेंहि शक्य नसल्यास अडचण नाहीं. सेबास्टियन लाइटनर यांनीं इ. स. १९७२ मध्यें हीच युक्ति कागदी कार्डांकरितां सांगितली होती. पुठ्ठ्याच्या पेटीस पांच कप्पे करावे. बरोबर आलेलें कार्ड पुढच्या कप्प्यांत जावें, चुकलेलें पहिल्यांत यावें. पहिला कप्पा रोज तपासावा, पुढचे क्रमानें अधिक अंतरानें.

साधन मोबाईलचें असो वा पुठ्ठ्याचें, तें फक्त वेळेवर प्रश्न विचारील. उत्तर आठवण्याचे श्रम विद्यार्थ्यासच केले पाहिजेत. आज शिकलेल्या धड्यावर पांच प्रश्न काढून त्यास आरंभ करावा.